पणजोबांची कबर देवळालीत सापडेल का? दारणाकाठच्या एका प्रश्नाचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: "आमचं गाव नाशिकजवळ दारणा नदीच्या काठी, देवळाली कॅम्पच्या शेजारी. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत. घरात सांगतात की त्यांना कॅम्पातल्या जुन्या कबरस्तानात पुरलं. गावाचा इतिहास लिहायला घेतला आहे. त्यांची कबर कशी शोधू?"

भाऊ, मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. नोकरीत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी जुने कबरींचे दगड वाचणं आणि लढाईत गेलेल्या माणसांची नावं घरच्यांना शोधून देणं, हे काम करत आलो. तुमच्यासारखा प्रश्न सिन्नर, निफाड, इगतपुरीकडून अनेकदा आला आहे, म्हणून आधी अवघड गोष्ट सांगतो. तुमच्या पणजोबांची कबर देवळालीत बहुधा नाही. बहुतेक ती कुठेच नाही. पण त्यांचं नाव कुठेतरी लिहिलेलं आहे, आणि ते शोधता येतं.

कबर का नाही, ते आधी समजून घ्या. त्या काळच्या हिंदी फौजेत मुसलमान आणि ख्रिस्ती शिपायाचं दफन होई, हिंदू आणि शीख शिपायाचं दहन. ज्याला अग्नी दिला त्याच्या नावाचा दगड उभा राहत नाही, त्याचं नाव स्मारकाच्या भिंतीवर नाहीतर वहीत जातं. कॅम्पातले जुने दगड बहुतेक गोऱ्या सोल्जरांचे, त्यांच्या बायकांचे आणि फार लहान मुलांचे आहेत. देवळालीत १८६१ पासून फौजेची छावणी होती. विलायतेहून आलेली पलटण इथे उतरायची, मुदत संपलेले सोल्जर बोटीची वाट बघत इथेच पडून राहायचे. पटकी, विषमज्वर, उन्हाचा झटका यांनी जे गेले ते इथेच राहिले. पहिल्या महायुद्धात इथे मोठी लष्करी इस्पितळं उभी राहिली, त्यांतलं एक वेल्श जनरल हॉस्पिटल. मेसोपोटेमियातले, म्हणजे आजच्या इराकमधले जखमी आणि आजारी बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने देवळालीला यायचे.

तुमच्या घरची गोष्ट मला वाटतं इथूनच आली असावी. काठावरच्या गावांनी त्या गाड्या रिकाम्या होताना पाहिल्या. कोणाच्या घरचं दूध इस्पितळात जात होतं, कोणी गवत कापत होतं, कोणी भिस्ती होता, कोणी धोबीकाम करत होता. आपला माणूस त्याच लढाईवर गेला आणि आला नाही, मग तो त्या गाडीतून आला असेल, तिथेच गेला असेल, असं आईने, बायकोने धरून ठेवलं. समोर दिसणारी जागा मनाला आधार देते. म्हणून ही गोष्ट खोटी म्हणून टाकून देऊ नका, गावाच्या इतिहासात ती "घरात असं सांगतात" म्हणून जशीच्या तशी लिहा. फक्त तिला पुरावा म्हणू नका.

आता नाव कुठे शोधायचं ते सांगतो. सुरुवात इंटरनेटवरून करू नका, घरातल्या पेटीपासून करा.

पहिल्या महायुद्धानंतर शिपायाच्या नावे दोन पदकं यायची. एक चांदीचं, त्यावर राजा पंचम जॉर्जचा मुखवटा आणि मागे घोड्यावर बसलेला उघडा माणूस. दुसरं पितळी रंगाचं, पंख पसरलेल्या देवीचं. लोक पदकाचा चेहरा बघतात. तुम्ही त्याची कड बघा. रुपया उभा धरतो तसं पदक दोन बोटांत उभं धरा आणि खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवा. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली दिसतील: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. हातात आलेल्या एका पदकाची कड मी जवळजवळ अर्धा तास फिरवत बसलो होतो. त्या घरच्या सुनेने दर दिवाळीला ते चिंचेने घासलं होतं, प्रेमानेच घासलं होतं, आणि नंबरचे पहिले दोन आकडे गेले होते. उरलेल्या आकड्यांवर आणि पलटणीच्या नावावर माणूस सापडला, पण त्याला चार महिने लागले. म्हणून पदक असेल तर पुसू नका, पावडर लावू नका.

राजाचं पदक चांदीऐवजी काशाचं निघालं तर निराश होऊ नका. लढाऊ शिपायाला चांदीचं मिळे. मजूर पलटणीतल्या आणि पलटणीबरोबर चाकरीला गेलेल्या बऱ्याच माणसांना तेच पदक काशाचं मिळालं. आपल्या भागातून असे लोकही गेले: खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे, जखमींच्या डोल्या उचलणारे. घरात "आमचे शिपाई होते" असं सांगतात आणि कागदात तो डोलीवाला निघतो. मला त्यात काही कमी वाटत नाही. गोळ्या चालू असताना डोली उचलणारा मोकळ्या हातांनी मध्ये जायचा. पण शोधताना हे माहीत असावं लागतं, नाहीतर तुम्ही चुकीच्या यादीत वर्षभर बघत बसाल. चांदीची पदकं तर टंचाईच्या वर्षी सराफ बाजारात मोडली गेली, हे मी कित्येक घरांत ऐकलं आहे. ज्यांनी मोडलं त्यांना दोष देऊ नका. घरात तीन लेकरं होती आणि कर्ता गेला होता.

वारलेल्या शिपायाच्या घरी आणखी एक वस्तू यायची. तळहाताएवढी, साधारण १२ सेंटीमीटर व्यासाची काशाची थाळी. तिच्यावर एक उभी स्त्री, एक सिंह आणि चौकटीत त्या माणसाचं नाव असतं, हुद्दा नसतो. ती कधी देवघरात सापडते, कधी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून. विचारताना "पदक आहे का" एवढंच विचारू नका, "सिंहाची ताटली आहे का" असंही विचारा.

पेटीत काही नसेल तर माझ्या खात्याकडे या. हा रस्ता फार थोड्यांना सुचतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माणूस इराकातल्या बसऱ्याला मेला तरी गावात त्याच्या नावावर जमीन होती. हक्कनोंदीचं काम मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झालं आणि १९१३ च्या दुरुस्तीने पक्कं झालं. म्हणजे महायुद्ध लागलं तेव्हा फेरफाराची वही नुकतीच चालू झालेली होती. खातेदार मेला की वारसाचं नाव लावण्यासाठी तलाठ्याला फेरफार घालावा लागे: कोण मयत, कधी, वारस कोण, अज्ञान मुलांचा पालक कोण. तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करून तुमच्या गटाचे १९१४ ते १९२५ पर्यंतचे वारस फेरफार मागा. आज गट नंबर आहे, तेव्हा सर्व्हे नंबर होता. तो मेळ आधी जमवून घ्या. नोंदी मोडीत असतील. मोडी वाचणारा माणूस नाशिकमध्ये मिळतो, त्याला मान द्या आणि पैसेही द्या. "लढाईवर मयत" एवढे दोन शब्द मला एका नोंदीत सापडले होते. बाकी सगळ्या ओळी सरळ रेषेत होत्या आणि ते दोन शब्द नंतर वर चढवलेले. बहुधा तलाठ्याने आधी नुसतं "मयत" लिहिलं असावं आणि समोर बसलेल्या बाईने सांगितलं असावं की तो घरी नाही मेला.

फेरफार उशिरा पडतो हे लक्षात ठेवा. माणूस १९१६ ला गेला आणि नोंद १९२१ ला, असं सर्रास दिसतं. पत्नी वाट बघत असते. पत्र आलेलं असतं तरी वाट बघत असते. त्यामुळे फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख असं लिहू नका.

तिसरी जागा पंचवटीत आहे. गोदावरीकाठी राहणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगायची गरज नसावी, पण तरुणांना माहीत नसतं. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या असतात, गावागावाप्रमाणे लावलेल्या. घरातलं कोणी अस्थी घेऊन आलं, श्राद्धाला आलं की वहीत कुळाची नावं चढतात. तुमच्या गावाचे उपाध्ये कोण, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ज्याचं प्रेत मिळालं नाही त्याच्यासाठी आपल्याकडे पालाशविधी होता. पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी द्यायचा आणि पुढची क्रिया करायची. परमुलखात गेलेल्या कित्येक शिपायांना घरच्यांनी असा निरोप दिला. नामावळीत १९१६ ते १९२० च्या दरम्यान तुमच्या घरचं कोणी आल्याची नोंद सापडली तर तिची तारीख आणि आलेल्यांची नावं लिहून घ्या. वहीचा फोटो मागू नका. त्यांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या जपलेली असते, आणि त्या पानावर इतर घरांचीही नावं असतात. ते वाचून दाखवतील, तुम्ही लिहून घ्या.

आणि तुमच्या देवघरात वीर आहे का, ते आजीला विचारा. धुळवडीला नाशकात वीर निघतात तेव्हा दाजीबा वीर सगळे बघतात. पण घराघरांतूनही खोबऱ्याच्या वाटीत चांदीचा टाक ठेवून, लाल कापडात गुंडाळून माणसं रामकुंडावर येतात, टाकाला गोदावरीची अंघोळ घालतात. घरातला कोणी अकाली, लढाईत, अपघातात गेला असेल त्याचा तो टाक. आपण दरवर्षी न्हाऊ घालतो तो वीर नेमका कोण, हे बऱ्याच घरांत आता कोणाला सांगता येत नाही. एका घरात मी विचारलं तेव्हा ऐंशी पार केलेली आत्या म्हणाली, "तो बगदादचा." बस, एवढंच. तिलाही नाव माहीत नव्हतं. पण "बगदादचा" या एका शब्दावर आम्ही मेसोपोटेमियाची यादी उघडली.

आता त्या यादीबद्दल. ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धमृतांची नोंद ठेवणारी संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली, आज तिला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन म्हणतात. पहिल्या महायुद्धासाठी ती ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू धरते. तिची यादी संगणकावर फुकट बघता येते. पण आपलं आडनाव टाकून शोधलं तर काही मिळत नाही, आणि लोक तिथेच थांबतात. शिपायाचं बहुधा एकच नाव लिहिलेलं असतं, किंवा नाव आणि आडनाव उलटं. स्पेलिंग गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसं वाटलं तसं. म्हणून नाव न टाकता "नासिक" हा शब्द जुन्या इंग्रजी स्पेलिंगने, मधला एच न घालता, जादा माहितीच्या रकान्यात शोधा. तिथे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असा क्रम असतो. मग गावाच्या नावाचे जेवढे उच्चार सुचतील तेवढे सगळे करून बघा.

इथेच मी एकदा फार मोठी चूक केली आहे. दुसऱ्या महायुद्धात वडील गमावलेल्या एका आजींसाठी शोधत होतो. नाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, गाव देवळाली. मी त्याच आठवड्यात जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी घरात गोड केलं, मला पाटावर बसवून ओवाळलं. महिन्याभराने मी ती नोंद पुन्हा वाचली तेव्हा पुढचा शब्द लागला: राहुरी. ती देवळाली प्रवरा होती, नगर जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्यातली. मला परत जाऊन सांगावं लागलं. आजी रागावल्या नाहीत, "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. तेव्हापासून गाव, तालुका आणि बापाचं नाव या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय मी घरच्यांना काही सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. आपल्याकडे देवळाली गाव वेगळं आणि देवळाली कॅम्प वेगळा. राहुरी नावाचं एक गाव तर नाशिक तालुक्यातही दारणेकडेच आहे. पिंपळगाव किती आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. शिंदे हे आडनावही आहे आणि नाशिकरोडपलीकडचं गावही.

नाव सापडलं की त्यापुढे स्मारकाचं नाव येईल. बसरा मेमोरियल असेल तर तुमचे पणजोबा मेसोपोटेमियात गेले. त्या मोहिमेत मराठा पलटणी मोठ्या संख्येने होत्या. कुत-अल-अमारा या तैग्रिस नदीच्या वळणावरच्या गावात ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जो वेढा पडला, त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. धान्य संपलं, घोडी मारून खायची वेळ आली, आणि शरण गेल्यावर कैदेच्या वाटेवर आणखी माणसं गेली. गावच्या इतिहासात हे लिहिताना एक धागा तुम्हाला देतो: ज्या १९१६ साली कुत पडलं त्याच साली इकडे दारणेचं धरण पुरं झालं. गावातले जुने लोक काळ सांगताना "धरण झालं तेव्हा", "मानमोडीच्या साली" असंच सांगत. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी या दोन खुंट्यांना टांगून बघा, वर्ष आपोआप लागतं.

बसऱ्याच्या त्या स्मारकाबद्दल मला अजून राग आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. तिथे चाळीस हजारांवर मृतांची आठवण आहे, पण भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचे पलटणीवार नुसते आकडे. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच अहवाल काढून मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० आशियाई आणि आफ्रिकी मृतांची आठवण असमान रीतीने ठेवली गेली, आणि निदान १,१६,०००, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावानिशी आठवण ठेवलीच गेली नाही. फ्रान्समध्ये नव्ह शापेलच्या स्मारकावर मात्र ४,७०० हून जास्त हिंदी नावं कोरलेली आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३,००० हून अधिक नावं आहेत. ती सगळी तपासावी लागतील. पंजाबच्या भरतीच्या वह्या लाहोरला टिकल्या आणि संगणकावर आल्या. आपल्याकडे तसं झालेलं नाही, म्हणून आपल्याला पेटी, फेरफार आणि नामावळी यांच्यावर जास्त भिस्त ठेवावी लागते.

पलटण कळली की पुढचा पत्ता सोपा. मराठा पलटणींचे नंबर १९२२ मध्ये बदलले: १०३ ची पहिली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी बटालियन झाली. रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. महार शिपाई असतील तर १९१७ मध्ये उभी केलेली १११ वी महार पलटण बघा. ती १९२१ मध्ये मोडली, महार रेजिमेंट १९४१ मध्ये पुन्हा उभी राहिली. पत्र लिहिताना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत लिहा.

आता कॅम्पातल्या कबरींकडे येतो, कारण तुमच्या घरचं कोणी तिथे नसलं तरी त्या तुमच्या गावच्या शेजारी आहेत. पहिल्या महायुद्धात देवळालीच्या मातीत गेलेल्यांची नावं पुण्यात खडकीच्या स्मारकावर आहेत. खडकीच्या वॉर सिमेटरीतल्या त्या स्मारकावर अशा १,८०० हून अधिक जणांची नावं आहेत, ज्यांच्या कबरी छावण्यांच्या आणि गावोगावच्या कबरस्तानांत आहेत आणि आता जपता येत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी तिथेच आहेत, पश्चिम आणि मध्य भारतातून एकत्र आणलेल्या. तिथे दोनशेच्या आसपास आफ्रिकी शिपायांचीही नावं आहेत, ज्यांची कबर कुठेच नाही. एकदा जाऊन या. मुळा रोडला होळकर पुलाजवळ आहे, सावली आहे, पाणी बरोबर न्या.

देवळालीत जायचं तर लष्करी हद्द आहे हे लक्षात ठेवून परवानगी घ्या, फोटो विचारूनच काढा. दगड वाचायला सकाळी आठच्या आत जा. ऊन तिरपं असतं तेव्हा अक्षरांच्या खाचेत सावली पडते, दुपारी तोच दगड कोरा दिसतो. ऊन नसेल तर घरातला आरसा न्या आणि बाजूने उजेड टाका. खडू घासायचा नाही, चुना भरायचा नाही, ॲसिड तर नाहीच. साधं पाणी आणि मऊ ब्रश. सुरुवातीच्या काळात मी खडू घासलेला एक दगड आजही बघतो तेव्हा वाईट वाटतं. तो पांढरा कण खाचेत धरून बसला आहे आणि त्याच्याभोवती शेवाळ लवकर धरतं.

काही संगमरवरी पाट्यांवर अक्षरं शिशाची होती. शिसं गळून गेलं की लोक म्हणतात नाव पुसलं. जवळ जाऊन बघा. शिसं धरून राहावं म्हणून कारागिराने प्रत्येक अक्षराच्या खाचेत बारीक भोकं पाडलेली असतात. ती भोकं राहतात. पेन्सिलीने कागदावर ती भोकं उतरवून घ्या, दगडावर नव्हे. उभ्या ओळीत तीन आणि वर आडवी दोन असतील तर टी, दोन उभ्या ओळी आणि मध्ये तिरकी असेल तर एन. अशा रीतीने मी एकदा आख्खी ओळ वाचली होती. वय निघालं चौदा महिने. त्याच्या खाली बापाचा हुद्दा आणि बॅटरीचं नाव होतं, म्हणजे तोफखान्याचा माणूस. तो पुढे कुठे गेला मला सापडलं नाही, पण मुलगी दारणेच्या काठी राहिली. गावाचा इतिहास लिहाल तेव्हा एक पान या कबरींनाही द्या. दुधाचे, गवताचे, धुण्याचे पैसे ज्या छावणीतून गावात आले, त्यातली ही माणसं.

तुमच्या गावच्या चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीवर लहान संगमरवरी पाटी आहे का, तेही बघा. बऱ्याच गावांत सरकारने ती लावली होती: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. नावं नसतात, आकडाच असतो. पाटीवर आठ गेले आणि दोन मेले असं असेल, तर आठही घरं शोधा. परत आलेल्या सहांच्या घरी तुमच्या पणजोबांबद्दल काहीतरी बोलणं झालेलं असतं, कारण गावची पोरं बहुधा एकत्रच भरतीला जात. रंग देताना पाटी झाकली गेली असेल तर खरवडू नका, मला सांगा.

सध्या एवढंच करा: आजीला वीराबद्दल विचारा, पेटी उघडा, पदक किंवा सिंहाची ताटली निघाली तर न पुसता स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळा आणि जुन्या सर्व्हे नंबरासह घेऊन या. सकाळी लवकर या, पूर्वेच्या खिडकीत उजेड चांगला असतो.